दुसरी सही आणि बिनसाखरेची केसरी

राव सार,

तुमच्या तेराव्याला काकूंनी केसरी केली होती, आमच्याकडचा शिराच तो. पंगतीत वाढत वाढत त्या माझ्या पानापाशी आल्या, डाव तसाच हातात धरून थांबल्या आणि म्हणाल्या, "साखर घातलीय. खा बिनधास्त." शेजारी बसलेल्या तुमच्या मेहुण्यांना काही उमगलं नाही. मला मात्र हसू आलं, पाठोपाठ रडू आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे असा ठसका लागला की मेहुण्यांना माझ्या पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. चेन्नईतल्या वेस्ट मांबलमच्या तुमच्या गल्लीत तेराव्याच्या जेवणात हसणारा माणूस म्हणून आता माझी ओळख झाली असणार. तुम्ही असता तर सगळ्यात मोठ्याने तुम्हीच हसला असता.

तुमचा जन्म कधीचा, बँकेत किती वर्षं काढलीत, मागे कोण कोण आहे, हे सगळं पेपरातल्या चौकटीत येऊन गेलं. फोटो फार जुना दिला होता, त्यात तुम्हाला मिशी होती. मला त्यातलं काही लिहायचं नाही. मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे, जी तुम्ही समोर बसून डबा खात होतात तेव्हाच सांगायला हवी होती. तीन वर्षं मी ती सांगितली नाही. गेल्या आठवड्यात दोन माणसांना सांगितली. ज्याला सांगायची तो मात्र राहून गेला.

पहिली आठवण डब्याची. मी मिरजेहून नवा आलो होतो. गिंडीतल्या आपल्या ऑफिसात तिसऱ्या मजल्यावर बसलो होतो, खाली गिअर कापायचा कारखाना, त्याची थरथर टेबलातून कोपरात येत होती. मी डब्यात उडदाच्या पिठाचं डांगर आणलं होतं. तुम्ही ते बघितलंत आणि न बोलता स्वतःचा डबा उघडून माझ्यापुढे सरकवलात. त्यातही डांगर. तुमचं दह्यातलं, मोहरीची फोडणी दिलेलं, माझं कांदा घातलेलं. मग तुम्ही मराठीत बोललात आणि ती मराठी आहे हे कळायला मला दोन वाक्यं लागली. तुमची माणसं कैक पिढ्यांपूर्वी तंजावरला आली, तेव्हा निघताना आणलेले शब्द तुम्ही अजून वापरत होतात, आणि चाल मात्र पक्की तमिळ. तुमचं बोलणं जसंच्या तसं लिहिणं मला जमणार नाही. इथे ते माझ्या मराठीत लिहितोय, परवाइल्ले म्हणा. असू दे, काही बिघडत नाही, या अर्थाचा हा तुमचा शब्द मी आता मिरजेत भाजीवाल्यालासुद्धा म्हणतो.

आपण काय काम करतो ते तुमच्या नातेवाईकांना तुम्ही कसं समजावून सांगायचात ते आठवतं. "एकच प्रश्न दोघांना विचारतो. दोघांनी एकच उत्तर दिलं तर घरी जातो. वेगवेगळं दिलं तर माझं काम सुरू." याहून सोपं मला कधी सांगता आलं नाही. मजकुरातून हवा तो तुकडा शोधून काढायचा एक नमुना असतो, त्याला आम्ही रेजेक्स म्हणतो. पिनकोड कसा दिसतो, तारीख कशी दिसते, हे त्या नमुन्यात लिहायचं. नमुना वाचून शोध घेणारा जो प्रोग्राम, ते इंजिन. फोनवर एक इंजिन चालतं, सर्व्हरवर दुसरं, आणि दोन्ही वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेली. एकच नमुना, एकच मजकूर, दोन्ही इंजिनांना द्यायचा आणि उत्तरं अक्षरागणिक ताडून बघायची. जुळली तर ओळ हिरवी, नाही जुळली तर लाल.

लाल ओळ दिसली की ती एक तर दुरुस्त व्हायची, नाही तर आपल्या फरकवहीत जायची. नाव तुम्ही दिलेलं. खरं तर ती कॉम्प्युटरवरची साधी शीट होती, पण तुमच्या तोंडी कायम फरकवही. फरक का पडतो, तो चालवून घ्यायचा का, आणि पुढे दोन सह्या. पहिली ज्याला फरक सापडला त्याची. दुसरी ज्याने तो हाताने सोडवून बघितला त्याची. दोन्ही सह्या पडल्याशिवाय माल बाहेर जायचा नाही. दुसरी सही बहुतेक तुमचीच असायची.

हाताने म्हणजे खरोखर हाताने. पहिल्याच आठवड्यात तुम्ही कापडी पिशवीतून पल्लांगुळीची पाटी काढलीत. घराघरांतून बायका कवड्या नाहीतर चिंचोके घालून खेळतात ती, दोन्ही बाजूंना सात सात खळग्यांची लाकडी पाटी. मला वाटलं, जेवणाच्या सुट्टीत खेळायला आणली असेल. तुम्ही तिच्यावर इंजिनं चालवायचात. नमुन्यातला प्रत्येक कंस म्हणजे एक खळगा. कंसात काही सापडलं की त्या खळग्यात कवडी. इंजिन मागे फिरलं की कवडी उचलायची. कुठलं इंजिन कधी उचलतं, कधी ठेवतं, हे तुम्हाला स्वयंपाकातल्या मिठासारखं हातात बसलं होतं. उचललेली कवडी सरळ डबीत टाकायची, मुठीत धरून ठेवायची नाही, यावर तुमचा फार कटाक्ष. मी हमखास मुठीत धरायचो, मग मोजदाद चुकायची, आणि तुम्ही माझी बोटं एकेक करून उघडायचात.

आणि पैज. टेस्ट चालवण्याआधी दोघांनी आपापलं उत्तर चिठ्ठीवर लिहून डब्याच्या झाकणाखाली ठेवायचं. चुकेल त्याने दोघांचे डबे धुवायचे. बेसिनपाशी मी इतका उभा असायचो की सफाईला येणाऱ्या बाई मला साबण विचारायला लागल्या.

आता त्या केटररची गोष्ट. ती तुम्हाला माहीत आहे, तरी सांगतो, कारण माझ्या बाजूने ती तुम्ही कधी ऐकलेली नाही.

त्या केटररसाठी आपण ऑर्डर वाचणारा प्रोग्राम केला होता. ऑर्डरच्या ओळीत पदार्थ एकापुढे एक यायचे, आणि काहींच्या पुढे सूचना असायची. कांदा नको, तिखट कमी, असं काही. गिऱ्हाइकाने फोन करून नवा पदार्थ जोडला की तो ओळीच्या शेवटी लागायचा. आपला नमुना ओळीवरून पदार्थागणिक एक फेरी मारत शेवटपर्यंत जायचा आणि शेवटचा पदार्थ व त्याची सूचना काढून द्यायचा. मॅनेजरच्या फोनवर ती नवीन इंजिनाने दिसायची, स्वयंपाकघरातल्या चिठ्ठीवर जुन्या इंजिनाने छापली जायची.

एका शुक्रवारी टेस्टमध्ये एक ओळ लाल आली. पहिल्या पदार्थाला सूचना होती, दुसऱ्याला नव्हती. नवीन इंजिन म्हणालं, सूचना नाही. जुनं इंजिन पहिल्या पदार्थाची सूचना दुसऱ्याच्या नावावर दाखवत होतं. तुम्ही त्या आठवड्यात रजेवर होतात, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. माल त्याच दिवशी द्यायचा होता. आणि माझी मिरजेची गाडी होती, दुसऱ्या दिवशी मुलीचं स्नेहसंमेलन होतं, ती नाचात पहिल्यांदा पुढच्या रांगेत होती.

मी ती ओळ फरकवहीत टाकली. कारण लिहिलं, "किरकोळ फरक, चालेल." पहिली सही माझी. मग दुसऱ्या सहीच्या रकान्यात तुमची आद्याक्षरं लिहिली. एस. एम. दोन वेळा की दाबावी लागली, दोन्ही पूर्णविरामांसकट चार वेळा, आणि त्या चारही वेळा मी स्वतःला सांगत होतो की सोमवारी फोन करून सांगीन, सार हसतील, हो म्हणतील. सोमवारी मी फोन केला. डोळा कसा आहे विचारलं. बाकी काही बोललो नाही.

दोन महिन्यांनी एका साठीशांतीच्या जेवणाची ऑर्डर आली. आधी लिहिलं होतं, कॉफी, पुढे सूचना, साखर नको. घरात मधुमेही माणसं होती. मग यजमानीणबाईंनी फोन करून केसरी वाढवायला सांगितली. मॅनेजरच्या फोनवर नुसतीच केसरी दिसली. स्वयंपाकघरात चिठ्ठी निघाली, केसरी, साखर नको. आचारी जुना माणूस. साठीचं जेवण आहे, शुगरवाले असतील, असा त्याने सरळ विचार केला आणि तूप, काजू, केशर घालून पातेलंभर बिनसाखरेची केसरी ढवळली. पंगतीत ज्यांची साठी होती त्या गृहस्थांना वाटलं बायकोने मुद्दाम सांगितलं, बायकोला वाटलं नवऱ्याने, आणि दोघं दिवसभर एकमेकांशी बोलले नाहीत म्हणे.

केटरर दुसऱ्या दिवशी आपल्या विजया मॅडमसमोर येऊन बसला. कंपनी मॅडमची, नाव त्यांचं, गिऱ्हाईक मोठं. मॅडमनी फरकवही उघडली, ती ओळ काढली आणि हाताने कुणी तपासलं ते वाचलं. मी तुमच्या मागे उभा होतो. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून स्क्रीनजवळ गेलात, तारीख बघितलीत, आद्याक्षरं बघितलीत. त्या तारखेला तुम्ही डोळ्यावर पट्टी बांधून घरी रेडिओ ऐकत होतात. तुम्ही मागे वळून माझ्याकडे बघितलंत. जेमतेम एक क्षण.

"मी तपासलं मॅडम," तुम्ही म्हणालात. "चूक माझी."

मी बोललो नाही. त्या क्षणी तोंड उघडायला जेवढा वेळ लागतो तेवढा मला होता, हे मी स्वतःला तीन वर्षं सांगतोय.

त्याच संध्याकाळी तुम्ही काकूंकडून केसरी करून घेतलीत आणि दुसऱ्या दिवशी आपण दोघं त्या यजमानांकडे गेलो. डबा माझ्या हातात होता. तुम्ही दारातच हात जोडून सगळं सांगितलंत, इंजिन, फेरी, सूचना, सगळं. त्यांना अर्धंच कळलं असेल, पण घरात जे झालं ते दोघांपैकी कुणाचंच चुकलं नव्हतं एवढं मात्र लख्ख कळलं, आणि ती बाई इतकी हसली की नवऱ्यालाही हसावं लागलं. आपल्याला तिथेच बसवून आपल्याच डब्यातली केसरी आपल्याला वाढली. मी तुमच्या शेजारी बसून ती खाल्ली. गोड होती, चांगली झाली होती.

मॅडमनी त्या आठवड्यात नवा नियम केला. राव सारनी तपासलेल्या प्रत्येक ओळीवर यापुढे त्यांची स्वतःची तिसरी सही. तुम्ही म्हणालात, "सरि मॅडम," म्हणजे बरं. जेवताना मला म्हणालात, बघ, आता माझ्या कामावर मालकिणीची सही लागते, म्हणजे बढतीच झाली की. मी हसलो. तुम्ही हसवण्यासाठी म्हणालात म्हणून हसलो. पण नंतर रोज बघायचो, तुम्ही कागद घेऊन मॅडमच्या टेबलापाशी जायचात आणि त्या वाचून होईपर्यंत उभे राहायचात. बँकेत आणि इथे मिळून आयुष्यभर तुम्ही तपासलं म्हणजे विषय संपला अशी तुमची ख्याती. आणि पासष्टी उलटल्यावर वही तपासून घ्यायला आलेल्या विद्यार्थ्यासारखे तुम्ही उभे. माझ्या चार बोटांनी तुम्हाला तिथे उभं केलं होतं.

त्यानंतरच आपलं ते भांडण सुरू झालं. जवळजवळ दर आठवड्याला, बहुतेक शुक्रवारी. कुठलं इंजिन बरोबर? नवं इंजिन प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला आतले सगळे खळगे रिकामे करतं. जुनं करत नाही, नव्या फेरीत काही सापडलं तर बदलतं, नाही सापडलं तर मागचं तसंच राहतं. दोघंही आपापल्या नियमपुस्तकाला धरून. तुम्ही नव्याच्या बाजूने. म्हणायचात, पंगतीला नवा माणूस बसला की नवं पान मांडतात, मागच्याचं पान पुसून देत नाहीत. मी जुन्याच्या बाजूने. म्हणायचो, कुणी उचल म्हटलं नाही तर कवडी आपण होऊन कशी उठेल? तुम्ही पाटी मांडायचात, मला करून दाखवायचात, आणि शेवटी ठरलेलं वाक्य, "मागच्या फेरीचं पुढच्या फेरीत न्यायचं नाही रे शिरीष. नेलं तर केसरीत साखर राहत नाही."

एवढं बोलून तुम्ही थांबायचात. कवड्या डबीत भरत, माझ्याकडे न बघता, बराच वेळ. मग मी काहीतरी बोलायचो, लोकलची वेळ झाली, किंवा खालच्या कारखान्याचा आवाज आज जास्त आहे. मी समजायचो की तुम्ही मला माफ करताय. आडून आडून सांगताय की जाऊ दे, झालं ते झालं. मला ते फार सोयीचं होतं. दर शुक्रवारी थोडी माफी मिळायची आणि तोंड उघडावं लागायचं नाही.

गेल्या वर्षी तुम्ही ऑफिस सोडलंत, तेव्हाही निरोपाच्या भाषणात तुम्ही केसरीचा किस्सा स्वतःच सांगितलात, माझी चूक म्हणून, आणि सगळे पोट धरून हसले. मीही टाळ्या वाजवल्या.

तेराव्याला जेवणं झाल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. काकू डबे बंद करत होत्या. मी दारात उभं राहून सगळं सांगितलं, शुक्रवार, गाडी, स्नेहसंमेलन, आद्याक्षरं. एकदाही थांबलो नाही, थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. काकूंनी हातातलं झाकण बसवलं आणि मला पाटावर बसायला सांगितलं.

त्यांना माहीत होतं. त्यांना त्याच दिवसापासून माहीत होतं. केटरर येऊन गेला त्या संध्याकाळी तुम्ही घरी जाऊन म्हणालात म्हणे, दोन डब्यांची केसरी कर, एक साखरेची, एक बिनसाखरेची. लोकांनी काय खाल्लं ते मला कळू दे. बिनसाखरेची वाटीभर संपवलीत आणि म्हणालात, वाईट नाही, उपमा समजून खाल्ली तर. मग स्वतःच हसत सुटलात, की डोळ्याला पट्टी बांधलेल्या माणसाने तपासलं तर आणखी काय होणार.

"मी विचारलं, त्या पोराचं नाव का नाही सांगितलं?" काकू म्हणाल्या. या वयात मला पोर म्हणणाऱ्या आता त्या एकट्याच. "तर म्हणाले, तो सांगेल. मीच सांगून टाकलं तर त्याला सांगायला काय उरेल?"

काकूंनी पुढचा डबा ओढून घेतला.

"मग दर शुक्रवारी आले की मी विचारायची, सांगितलं का? म्हणायचे, आज पण लोकलची वेळ झाली त्याची."

राव सार, म्हणजे ते थांबणं माफीचं नव्हतं. तुम्ही मला जागा करून देत होतात. कवड्या एकेक करून डबीत टाकत, मुद्दाम सावकाश, मला बोलता यावं म्हणून. आणि मी दर वेळी कारखान्याच्या आवाजाबद्दल बोलत होतो. हे कळलं तेव्हा मला वाटलं आता जमिनीत जावं. पण काकू हसत होत्या. दर आठवड्याला घरी तुमच्या दोघांत माझ्यावर पैज लागायची, आज सांगेल की नाही, आणि तुम्ही प्रत्येक वेळी "सांगेल" वर लावायचात. एकदाही जिंकला नाहीत. तुमच्या घरच्या नियमाप्रमाणे ऑफिस सोडेपर्यंत दोन वर्षं शुक्रवारी रात्रीची भांडी तुम्ही घासलीत. ऑफिसात मी हरायचो आणि घरी माझ्यापायी तुम्ही.

निघताना काकूंनी पल्लांगुळीची पाटी आणि कवड्यांची डबी माझ्या हातात दिली. आता त्यांच्याशी खेळायला कुणी नाही असं म्हणाल्या, आणि मग लगेच, खोटं बोलणाऱ्याशी मी तसंही खेळत नाही. हे म्हणताना हसल्या म्हणून मी घेतली.

सोमवारी मी मॅडमच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिलो, तुम्ही उभे राहायचात तिथेच. तिथून त्यांच्या चष्म्यात स्क्रीन उलटी दिसते, तुम्हीही बघितली असेल. मी सांगितलं. मॅडमचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, त्या ओरडतील याची मी तयारी केली होती. त्या ओरडल्या नाहीत. खालचा ड्रॉवर उघडून त्यांनी जुनं रजेचं रजिस्टर काढलं, पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तुमची रजा, त्या शुक्रवारासकट, तुमच्या सुंदर अक्षरात.

"हे माझ्याच ड्रॉवरमध्ये होतं," त्या म्हणाल्या. "आणि मी दोन वर्षं त्या माणसाची पेपरं तपासली."

मग त्यांनी फरकवही उघडली. त्या दिवसानंतर तुम्ही तपासलेल्या सगळ्या ओळी वरून खालपर्यंत काढल्या आणि प्रत्येकीपुढची आपली तिसरी सही स्वतः पुसली. मी म्हटलं, मी करतो. त्यांनी हातानेच मला गप्प केलं. जेवणाची वेळ टळून गेली तरी त्या करत होत्या. आता तिथे तुमची एस. एम. एकटी आहे, पूर्वीसारखी, विषय संपला अशी. ज्या एका ओळीवर ती नको होती, तिथून ती मी काढली.

पण मग त्या ओळीवर एकच सही उरली, आणि एका सहीवर ओळ राहू शकत नाही, नियम तुमचा. केटररची छपाई आपण तेव्हाच नव्या इंजिनावर नेली होती, तरी फरक तो फरकच. मी कारण नव्याने लिहिलं. जुनं इंजिन मागच्या फेरीतलं धरून ठेवतं, नवं सोडून देतं, दोन्ही आपल्या नियमाप्रमाणे, छपाईला नवं वापरावं. पुढे माझी सही. आणि हाताने कोण तपासणार? मॅडम म्हणाल्या, पाटी आण.

सार, तुम्ही हे बघायला हवं होतं. विजया मॅडमनी पदर खोचून पाटी टेबलावर मांडली. लहानपणी आजोळी प्रत्येक सुट्टीत त्या हेच खेळायच्या, हे आपल्याला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं. त्यांचा हात तुमच्याहून चपळ आहे, वाईट वाटून घेऊ नका. मी नियम सांगत आणि उचलायच्या कवड्या उचलत गेलो, त्या कवड्या टाकत गेल्या, आधी जुन्या इंजिनाने, मग नव्या. चिठ्ठ्या डब्याच्या झाकणाखाली होत्या. मी ओळ माहीत असलेला माणूस, तरी गडबडीत खळगा मोजायला चुकलो आणि उत्तर चुकीच्या कंसात लिहिलं. मॅडमचं बरोबर. त्यांनी दुसरी सही केली आणि आपला डबा माझ्यापुढे सरकवला.

बेसिनपाशी उभा होतो तेव्हा लक्षात आलं की नव्या इंजिनाची फेरी सुरू करताना मी उचललेली कवडी डाव्या मुठीत तशीच होती. बोटं एकेक करून उघडणारं कुणी नव्हतं. मी स्वतःच उघडली, येऊन डबीत टाकली आणि डबे धुतले.

आता आपलं भांडण. मुठीतली कवडी टाकली म्हणजे तुमचं सगळं पटलं असं समजू नका. माझ्या त्या शुक्रवारचं ओझं पुढच्या फेरीत न्यायचं नाही, हे तुम्ही म्हणत होतात आणि मी आता मान्य करतो, तीन वर्षं उशिरा. पण कुणी उचल म्हटलं नाही तर कवडी जागेवर राहते, हे माझं म्हणणंही खोटं नाही. काल जेवताना डबा उघडला, आत डांगर होतं, आणि मी न बघता तो समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे सरकवला. हे जुनं इंजिन आहे सार. मला ते असंच हवं आहे.

केसरीपुरते तुम्ही बरोबर. बाकीचं शुक्रवारी बोलू.

शिरीष